आधी हद्द, मग आमदार: आपल्या मतदारसंघाची कुंडली अशी मांडा

आमच्या गणेश मंडळाच्या स्मरणिकेत एक पान माझं होतं. ‘नाशिक पश्चिमचे आतापर्यंतचे आमदार’ असं ठसठशीत शीर्षक आणि खाली नावं. सुरुवात डॉ. दौलतराव आहेरांपासून, मग डॉ. शोभा बच्छाव, मग नितीन भोसले, मग सीमा हिरे. स्मरणिका वाटून झाली, जाहिरातदारांचे फोन आले, मी खूश. तिसऱ्या दिवशी पवननगरच्या भाजीबाजारात एका काकांनी गाठलं. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कायम हातात पिशवी. म्हणाले, “बाई, पान छान झालंय. फक्त एक सांगा, दोन हजार चार साली पश्चिम होतं कुठं?”

मेथीची जुडी हातात धरून मी उभीच राहिले. कारण २००४ साली नाशिक पश्चिम नावाचा मतदारसंघच नव्हता.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अकरा वर्षं बीएलओ होते, म्हणजे मतदारयादी घेऊन घरोघर फिरणारी बाई. मतदानाच्या ड्यूट्या तर मोजायच्या सोडल्यात. एवढं असून ही चूक माझ्याकडून झाली. तेव्हापासून मी ही कुंडली मांडायची एक रीत ठरवून घेतली आहे. सोसायटीसाठी, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा नुसतं स्वतःला कळावं म्हणून कुणाला आपल्या भागाचा राजकीय इतिहास लिहायचा असेल, तर घ्या. मी उदाहरणं सिडको-सातपूरची देते, तुम्ही तुमची घाला.

सगळ्यात आधी आमदारांची यादी बाजूला ठेवा. मोह होतो, पण ठेवा. पहिलं काम हद्दीचं. मतदारसंघाच्या नावाखालची जमीन बदलत राहते आणि जमिनीवरचं नावही बदलतं. एकावर विसंबून दुसरं लिहिलं की माझ्यासारखी फजिती होते.

आज आपण कुठे आहोत ते मतदारयादीवरून बघा, ऐकीव माहितीवरून नाही. मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर घातला की विधानसभा मतदारसंघ, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मिळतो. नेट जमत नसेल तर १९५० हा फोन आहे. मग त्या भागाची यादी उतरवून घ्या आणि सगळे सोडतात ते पहिलं पान वाचा. त्यावर त्या भागात कुठल्या गल्ल्या, कुठल्या सोसायट्या, मतदान केंद्र कुठलं, पुरुष किती, स्त्रिया किती, सगळं असतं. जोडीला नजरी नकाशा. हा नकाशा आमच्यासारख्यांनीच हाताने काढलेला असायचा. माझ्या एका नकाशात पाण्याची टाकी दत्तमंदिराच्या डाव्या हाताला आहे. प्रत्यक्षात ती उजवीकडे आहे. सलग तीन वर्षं ती तशीच छापली गेली, कुणाचीही तक्रार नाही. तेव्हा नकाशा बघा, पण गल्लीत जाऊन एकदा ताडूनही घ्या.

इथेच नाशिककरांचा हमखास होणारा घोटाळा सांगते. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. विधानसभेचे शहरातले मतदारसंघ म्हणजे पूर्व, मध्य, पश्चिम आणि नाशिकरोडच्या अंगाने देवळाली. दोन्हीकडे ‘पूर्व’, दोन्हीकडे ‘पश्चिम’, आणि दोन्ही वेगळे! महापालिकेचा पश्चिम विभाग म्हणजे कॉलेज रोडचा परिसर, आणि तो विधानसभेला नाशिक मध्यमध्ये जातो. विधानसभेचा पश्चिम म्हणजे आपण, सिडको आणि सातपूर. महापालिकेच्या भाषेत नवीन नाशिक आणि सातपूर विभाग. तसंच जुनं नाशिक महापालिकेच्या पूर्व विभागात, पण विधानसभेला मध्यमध्ये. विधानसभेच्या पूर्वमध्ये पंचवटी. ‘पश्चिम विभागात अमुक कोटींची कामं’ अशी बातमी वाचून आमच्या आमदारांच्या खात्यावर जमा करणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत.

आता मागे जायचं. आत्ताच्या हद्दी ठरल्या त्या २००८च्या परिसीमन आदेशाने. २००२चा परिसीमन कायदा, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा आयोग आणि आधार २००१च्या जनगणनेचा. महाराष्ट्रात या हद्दींवर विधानसभेची पहिली निवडणूक १३ ऑक्टोबर २००९ला झाली. त्याआधीच्या हद्दी १९७६च्या आदेशातल्या. त्यांच्यावर १९७८ ते २००४ अशा सात निवडणुका झाल्या. म्हणजे वहीत पहिली आडवी रेघ २००४ आणि २००९च्या मध्ये, दुसरी १९७२ आणि १९७८च्या मध्ये मारा. १९६२ला आपल्या विधानसभेत २६४ जागा होत्या, १९६७ला २७०, आणि १९७८पासून २८८. जागांचा आकडा बदलला की हद्दी हलल्याच समजा.

पश्चिम जन्माला का आलं, हे एका भागाकारात कळतं. मी सातवीच्या मुलांकडून करून घ्यायचे. २००१ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या वर. भागिले २८८. एका जागेच्या वाट्याला साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. आणि त्याच जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १० लाख ७७ हजार. आता सांगा, शहराला किती आमदार हवेत? मुलं पटकन म्हणायची, “तीन, आणि थोडे उरतात!” २००४पर्यंत मात्र शहराच्या नावाची ‘नाशिक’ ही एकच जागा होती, शेजारी राखीव देवळाली. जिल्ह्यात तेव्हा एकूण १४ जागा, आता १५. वाढली एकच, पण शहरात नव्या नावाने तीन उभ्या राहिल्या, तेव्हा दुसरीकडे काहीतरी गेलं असणारच. सुरगाणा हे नाव यादीतून गेलं. दाभाडी गेलं आणि मालेगाव बाह्य आलं. दादा भुसे २००४ला दाभाडीतून निवडून आले होते आणि २००९ला मालेगाव बाह्यमधून. माणूस तोच, पाटी वेगळी. अशा ठिकाणी ‘एकाच मतदारसंघातून सलग’ असं लिहिताना पेन जरा थांबवा.

आदेश वाचताना एक खाच आहे. शहरी मतदारसंघाची हद्द त्यात महापालिकेच्या वॉर्ड क्रमांकांनी दिलेली असते, आणि ते क्रमांक जनगणनेच्या वेळचे. तुमच्या दारातल्या आजच्या प्रभाग क्रमांकाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. २००७ला एक नगरसेवक-एक वॉर्ड होता, २०१२ला दोन नगरसेवकांचे प्रभाग झाले, २०१७ला चारांचे. दर वेळी क्रमांक नव्याने पडले. माझ्या भाच्याने आदेशातले वॉर्ड आणि २०१७चे प्रभाग एकमेकांवर ठेवून नकाशा रंगवला होता. त्यात आमचं त्रिमूर्ती चौक थेट दुसऱ्याच मतदारसंघात गेलं. रंग सुरेख भरले होते बिचाऱ्याने.

१९७६च्या आदेशासाठी तर आणखी मागे जावं लागतं, कारण तेव्हा नाशिक महापालिकाच नव्हती. ती ७ नोव्हेंबर १९८२ची. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून झालेली. जुन्या आदेशांची भाषा तालुका, महसूल मंडळ, सजा, नगरपालिका अशी असते. त्यात ‘सिडको पाचवी स्कीम’ शोधाल तर जन्मभर सापडणार नाही. तिथे लागतं मौजे. आपली वसाहत मुळात कुठल्या गावच्या शेतात उभी राहिली, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे की अंबड, हे आधी कळायला हवं. घराच्या खरेदीखतावर किंवा सूची क्रमांक दोनवर बहुतेक वेळा ‘मौजे’ लिहिलेलं असतं. ते नाव हातात घेऊन मग जुना आदेश उघडा. ते काका मला भाजीबाजारात हेच सांगत होते: “आम्ही राहायला आलो तेव्हा इथं वांग्याचे वाफे होते, बाई. वाफ्यांचा आमदार कोण होता ते शोधा.”

हद्द बसली की आकडे सोपे. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पहिल्या निवडणुकीपासूनचे उपलब्ध आहेत. प्रत्येक मतदारसंघाचं एक पान: किती मतदार, किती मतदान, किती मतं बाद, किती केंद्रं, किती फरक. दुसऱ्या ठिकाणी सगळे उमेदवार, पक्ष आणि मतं. तीन गोष्टींनी माणूस अडतो. एक, १९५२ आणि १९५७चे निकाल ‘महाराष्ट्र’मध्ये शोधू नका, ते ‘मुंबई’ राज्याखाली आहेत; महाराष्ट्र १९६०चा. दोन, त्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार जायचे. एकाच जागेपुढे दोन विजयी नावं दिसली तर ती छपाईची चूक नाही. तीन, पक्षांची लघुरूपं. १९७८ला काँग्रेस एक नव्हती, दोन होत्या. १९८०च्या आधी भाजप शोधू नका, १९९९च्या आधी राष्ट्रवादी नको, २००६च्या आधी मनसे नको. आणि २०२२-२३ नंतर शिवसेना आणि राष्ट्रवादी लिहिताना कुठली ते लिहाच. २०१९च्या ओळीत ‘उबाठा’ लिहिलेलं मी एका छापील पत्रकात वाचलं आहे!

म्हणून मी वहीत ‘पक्ष’ असा रकाना करत नाही. ‘त्या दिवशीचा पक्ष’ असा करते. नाशिकमध्ये तर याशिवाय गत्यंतर नाही. वसंत गिते २००९ला मनसेकडून नाशिक मध्यचे आमदार झाले. २०२४ला त्याच मतदारसंघात ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे होते. बाळासाहेब सानप २०१४ला भाजपचे नाशिक पूर्वचे आमदार, २०१९ला राष्ट्रवादीचे उमेदवार. आमच्या पश्चिममध्ये २०२४ला सुधाकर बडगुजर ठाकरे यांच्या सेनेकडून सीमा हिरेंविरुद्ध लढले आणि पुढच्याच वर्षी भाजपमध्ये गेले. त्याच निवडणुकीत मनसेचे उमेदवार होते दिनकर पाटील, त्याआधीचे भाजपचे नगरसेवक.

आडनावांचीही काळजी घ्या. २०१९ला पश्चिममध्ये पहिल्या दोन क्रमांकांवर दोन्ही हिरेच होते: भाजपच्या सीमा हिरे जिंकल्या आणि राष्ट्रवादीचे अपूर्व हिरे दुसरे. नुसतं ‘हिरे’ लिहून ठेवलं असेल तर महिन्याभराने तुमची वही तुम्हालाच फसवेल. देवळालीत घोलप. बबनराव घोलप १९९० ते २००९ सलग पाच वेळा, २०१४ला योगेश घोलप, मग २०१९ आणि २०२४ला सरोज अहिरे. पूर्वमध्ये २००९ला उत्तमराव ढिकले, २०१९ आणि २०२४ला राहुल ढिकले. बापलेक आहेत. पूर्ण नाव, प्रत्येक ओळीत. कंटाळा करू नका.

हे सगळं मांडलं की पश्चिमची खरी यादी दोनच नावांची निघाली. २००९ला मनसेचे नितीन भोसले. २०१४, २०१९ आणि २०२४ला भाजपच्या सीमा हिरे. अख्खं पान छापायची गरजच नव्हती म्हणा! पण शेजारच्या दोन जागा बाजूला लिहिल्या तेव्हा मला जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. २००९ला पश्चिम, मध्य, पूर्व तिन्ही मनसेचे. २०१४ला तिन्ही भाजपचे. मध्यला तेव्हापासून देवयानी फरांदे. २०१९ला पुन्हा तिन्ही भाजप, २०२४लाही. चार निवडणुका, आणि शहराने एकदाही तीन जागा दोन पक्षांत वाटल्या नाहीत. मध्ये २०१२ला महापालिकेत मनसेचे ४० नगरसेवक आणि महापौर, २०१७ला १२२ पैकी ६६ भाजपचे. सिडकोतले आपण म्हणतो, इथला कामगार वेगळा, कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातून आलेला, त्याचं मत वेगळं. असेल. पण जागेच्या निकालात तरी तो कॉलेज रोडबरोबरच चालला आहे. तुमची कुंडली नेहमी शेजाऱ्यांसकट मांडा, एकट्याची मांडली तर आमदाराच्या कर्तृत्वाचं किती आणि वाऱ्याचं किती, ते कळत नाही.

वेगळेपण बघायचंच असेल तर ते केंद्रावर दिसतं. त्यासाठी नमुना २०. हा अंतिम निकालाचा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. एका ओळीत एक मतदान केंद्र, आडवे उमेदवार, शेवटी नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’. नोटा २०१३मध्ये आलं, तेव्हा २००९च्या तक्त्यात ते शोधू नका. मी काय करते, दोनच केंद्रं निवडते: एक जुन्या गावठाणातलं, एक सिडकोच्या स्कीममधलं. ती शोधायला मतदारयादीचं पहिलं पान परत कामाला येतं, कारण तक्त्यात नुसता क्रमांक असतो. आणि केंद्रावर मतदार वाढले की केंद्र फोडतात, पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१४चं ११२ आणि २०१९चं ११२ एक असेलच असं नाही. खोलीचं नाव जुळवा: ‘अमुक शाळा, खोली क्रमांक तीन, उत्तरेकडील बाजू’. सगळ्या केंद्रांची बेरीज निकालाशी जुळली नाही तर घाबरू नका. टपाली मतं तळाशी वेगळ्या ओळीत असतात. मी एकदा अर्धी रात्र ती बेरीज करत बसले होते आणि ओळ पानाच्या खाली दुमडलेल्या कडेत होती.

म्हाताऱ्या माणसांशी बोलाल तेव्हा साल विचारू नका. सालं सगळ्यांची चुकतात. निशाणी विचारा. ‘बैलजोडीवर शिक्का मारला’ म्हणाले की साठीच्या दशकातली किंवा त्याआधीची काँग्रेस. ‘गाय-वासरू’ म्हणाले की सत्तरीतली. पणती म्हणजे जनसंघ. नांगरधारी शेतकरी म्हणजे जनता पक्ष, आणीबाणीनंतर. काका मला म्हणाले, “पहिलं मत मी पणतीला दिलं आणि वडिलांनी दोन दिवस जेवायला हाक मारली नाही.” साल त्यांना आठवत नव्हतं, पण मला लिहायला तेवढं पुरलं. १९६३ची एक गोष्ट मात्र आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्यांना सालासकट पाठ असते: यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले तेव्हा लोकसभेवर नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. बिनविरोध म्हणजे मतदानच नाही. तरी “मी त्यांना मत दिलं होतं” सांगणारे मला दोघे भेटले!

जुनी वृत्तपत्रं चाळायची असतील तर सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४०चं. जुना ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ हीच आपली खाण. निकालानंतरचे दोन दिवस वाचा आणि उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या मुदतीनंतरचे दोन दिवस वाचा. कोण कुणासाठी बसलं, ते दुसऱ्या अंकात असतं.

आमदारांनी केलं काय, हा भाग लोकांना हवा असतो आणि त्यातच सगळ्यात जास्त थापा खपतात. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, भाषणं. नाव घालून शोधा. निधीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयातलं जिल्हा नियोजनचं दालन. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी असतात. कामांची यादी मागता येते. तोंडी दिली नाही तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवस. माझा पहिला अर्ज एका कार्यालयाने ‘विषय एकापेक्षा जास्त’ म्हणून परत केला. मी तीन मतदारसंघांच्या याद्या एकाच कागदावर मागितल्या होत्या. चिडले खूप, पण नियम त्यांच्या बाजूने होता. कोनशिलांचे फोटो काढत चला; हिरव्या जिमपासून सभामंडपापर्यंत सगळ्यावर नावं असतात. मात्र एकाच बाकावर आमदार आणि नगरसेवक दोघांची पाटी दिसली तर निधी कुणाचा, ते यादीतच बघा. आणि मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपल्यावर प्रशासक आले, त्या काळातल्या रस्त्यांचं श्रेय नगरसेवकाच्या नावावर मांडण्याआधी तारीख बघा.

उमेदवार ‘बाहेरचा’ की ‘आपला’ हा वाद निघाला तर नमुना २६ म्हणजे शपथपत्र काढा. त्याचं नाव कुठल्या मतदारसंघाच्या कुठल्या भागात मतदार म्हणून आहे, ते तिथे लिहावंच लागतं. शिक्षण, मालमत्ता, खटलेही तिथेच.

पान पुरत असेल तर विधान परिषदेलाही चार ओळी द्या. नाशिक विभागाचा पदवीधर मतदारसंघ आणि शिक्षक मतदारसंघ पाच जिल्ह्यांचे आहेत. मघाचे अपूर्व हिरे २०१२ला शिक्षक मतदारसंघातूनच परिषदेवर गेले होते. मला लोक विचारायचे, “बाई, तुम्ही मत दिलं असेल ना?” नाही हो. तो मतदारसंघ माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांचा. आम्ही प्राथमिकवाले त्यात नाही. इतरांच्या नावनोंदणीचे अर्ज आम्ही भरून घेतो, तेवढंच.

माझं दुरुस्त पान पुढच्या स्मरणिकेत आलं. शीर्षक बदललं: ‘आपल्या वसाहतीचे आमदार’. वर मौजे, खाली रेघा मारून तीन काळ. छापायला देण्याआधी काकांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “टाकी उजवीकडे आहे, बाई.” नकाशा मी जुनाच चिकटवला होता.